राणीच्या हनुवटीखालची खूण

१

"राजाभाऊ, घरात चोरी झाली. चोर कोण तेही मले माहीत आहे. तू फक्त वहिनींले घेऊन ये."

रमाकांतचा हा फोन आला तेव्हा मी जेवून नुकतीच पाठ टेकली होती. चोर माहीत असेल तर माझ्या बायकोचं काय काम, हे विचारायच्या आत त्यानं फोन ठेवला.

प्रतिमा आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाली. तेव्हापासून गल्लीतल्या हरवलेल्या वस्तू शोधून देणं हा तिचा धंदा झाला आहे, बिनपैशाचा. मी पोस्टातून निवृत्त झालो आणि दुपारची झोप हा माझा धंदा आहे. दोन्ही धंदे एका घरात नीट चालत नाहीत, आणि बंद पडतो तो नेहमी माझाच.

रमाकांतचं घर खामगावात आमच्याच गल्लीत, चार दारं पलीकडे. तो तहसील कचेरीत कारकून होता. फायलींनी डोळे खाल्ले असं तो म्हणतो, पण अकोल्याचे डॉक्टर म्हणतात की डोळ्यातला पडदाच झिजत चालला आहे. कडेचं दिसतं, मधलं पुसट झालंय, आणि ते आणखी पुसट होणार. माणसानं आयुष्यभर जुनी नाणी जमवावीत आणि नेमकी तीच दिसेनाशी व्हावीत, याचं मला फार वाईट वाटतं. मी त्याला तसं कधी बोलून दाखवलं नाही.

मग त्यानं एक युक्ती काढली. प्रत्येक नाण्याचा फोटो काढायचा आणि लॅपटॉपच्या पडद्यावर परातीएवढा करून बघायचा. बाजारातल्या फोटो स्टुडिओची डिंपल येऊन त्याची मांडामांड करून गेली होती. जुन्या काळी फोटो मोठे करायच्या यंत्राचं एक लोखंडी स्टँड तिच्या दुकानात धूळ खात होतं. ते तिनं टेबलावर ठोकलं आणि त्याच्यावर कॅमेरा जमिनीकडे तोंड करून बसवला. खाली काळं मखमली कापड, त्यावर बाटलीचं झाकण, आणि झाकणावर नाणं. दिवा एकच, पण चिमट्यानं टेबलाच्या कडेला असा कलता लावलेला की उजेड नाण्यावरून घासत जावा. म्हणजे अक्षरं उठून दिसतात. दिव्यापुढे बटर पेपर, चकाकी मारायला. बटण दाबताना हात हलू नये म्हणून कॅमेऱ्याला थोडं थांबून फोटो काढायला सांगून ठेवलेलं.

आम्ही गेलो तेव्हा रमाकांत त्या टेबलाशी बसला होता. त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसताना माझं कोपर त्या दिव्यालाच लागलं. तो ओरडला, "अबे, हळू. सेटिंग हालते."

मी गुमान उठलो आणि टेबलाच्या पलीकडे, त्याच्या समोर जाऊन बसलो.

"काय गेलं, भाऊजी?" प्रतिमानं विचारलं.

"वामनचा राणीछाप गेला," रमाकांत म्हणाला, "अन् नेला तो वामननंच."

२

हे ऐकून मला खरंच धक्का बसला. वामनराव पिंपळगाव राजा या गावचे. थोडीबहुत शेती आहे, मनानं मोठा माणूस. रमाकांतची आणि त्यांची दोस्ती शाळेपासूनची. दर रविवारी ते एस.टी.नं खामगावला येतात आणि रमाकांतला पेपर वाचून दाखवतात. बातमी कमी आणि बातमीवर शिव्या जास्त, पण वाचून दाखवतात.

तो राणीछाप, इंग्रजी अमदानीतला चांदीचा रुपया, वामनरावांच्या आईच्या गळ्यातल्या माळेतला. रमाकांतला नाण्यांचा नाद लागला तेव्हा वामनरावांनी तो त्याला असाच देऊन टाकला होता. संग्रहातलं पहिलं नाणं. राणीच्या हनुवटीखाली सराफानं मारलेला चंद्रकोरीसारखा एक ठोका होता, सासूच्या रुपयांत सुनेचा रुपया मिसळू नये म्हणून. असा ठोका दुसऱ्या रुपयावर असायचा नाही.

रमाकांतनं दोन फोटो आमच्यापुढे ठेवले. सकाळीच डिंपलकडून वहीएवढे छापून आणले होते.

"हा महालक्ष्म्यांच्या आधी काढलेला. रुपया कसा काळसर, जुना. अन् हा ठोका पाहा, खोल. फोटो काढला अन् लाईन गेली. नाणं तिथंच कॅमेऱ्याखाली राह्यलं. दुसऱ्या दिवशी आमचा पोरगा धवल मले अकोल्याले डॉक्टरकडे घेऊन गेला, मंग महालक्ष्म्या बसल्या, मी या टेबलाशी बसलोच नाही. काल पुन्हा बसलो तं हे." त्यानं दुसरा फोटो पुढे सरकवला. "पांढरा फटक. अक्षरांच्या फटीत पांढरं काहीतरी अडकलेलं. साच्यातलं प्लास्टर असते ते, नकली नाण्यांत राहते. अन् सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे ठोका. पाहा वहिनी, इथं खड्डा नाही. उंचवटा आहे, टेंगूळ."

प्रतिमा त्याच्या खांद्यावरून वाकून पाहत होती. "हो. टेंगूळच दिसतंय."

मी समोर बसून मान लांबवली. "काहीतरीच काय? मला तर या नव्या फोटोत खड्डा दिसतो. टेंगूळ त्या जुन्यात आहे."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. रमाकांत म्हणाला, "राजाभाऊ, डोळे माहे गेलेत की तुहे?" प्रतिमासुद्धा हसली. बायको परक्याच्या विनोदावर हसते तेव्हा गप्प बसावं, हे मी केव्हाच शिकलो आहे.

"नाणं हातात घेऊन पाहिलं का?" प्रतिमानं विचारलं.

"हातात?" रमाकांतनं टेबलावरचे पांढरे सुती हातमोजे दाखवले. "हे घालून, कडेनं धरून. नाण्याच्या तोंडाले बोट लावायचं नाही, हा नियम आहे. अंगाच्या तेलाचा डाग पडते. मी आजपर्यंत एकाही नाण्याले बोट लावलं नाही. अन् नुसत्या डोळ्यानं पाहून मले काय दिसते आता? जे दिसते ते फोटोतच."

"आणि वामनरावच कशावरून?"

"नातीचं लग्न ठरलं त्याच्या. मागच्या महिन्यात म्हणे, मायचा रुपया तिच्या ओटीत घालाचा आहे, एक दिवस दे. मी नाही म्हटलं. लग्नाच्या गर्दीत नाणं फिरवाचं असते का? अन् महालक्ष्म्यांच्या जेवणाले आला तेव्हा जेवून याच खोलीत लवंडला होता. एकटा."

तेवढ्यात रमाकांतची बायको रुखमावहिनी प्रसादाचा शिरा घेऊन आल्या. गौरींच्या, म्हणजे आमच्याकडच्या महालक्ष्म्यांच्या, सणाच्या चांदीच्या नक्षीच्या वाट्या, लखलखीत. मी एक घास घेतला आणि वाटी नाकाशी नेली.

"वहिनी, शिऱ्यात पुदिना घातला का?"

"शिऱ्यात कोणी पुदिना घालते का, भाऊजी?" त्या हसून म्हणाल्या. पण हसू ओठातच विरलं, कारण दारात एस.टी.चा कंडक्टर उभा होता. त्याच्या हातात एक स्टीलचा डबा होता. वामनरावांनी पिंपळगावहून पाठवला होता. जेवणाच्या दिवशी त्यांच्या घरच्यांसाठी पुरणपोळ्या दिलेला तोच डबा.

रुखमावहिनींनी झाकण उघडलं आणि डबा तसाच रमाकांतपुढे सरकवला. आमच्याकडे कोणाचा डबा रिकामा परत करत नाहीत. काही नसलं तर मूठभर साखर घालतात.

डबा रिकामा होता. घासूनपुसून कोरडा केलेला, आणि रिकामा.

३

"म्हणजे त्याले कळलं," रमाकांत म्हणाला. आवाज खाली आला होता.

"कसं कळलं?" मी विचारलं.

"काल मंदिरात बोललो मी. चार लोक होते."

उचलली जीभ, लावली टाळ्याला. खामगावच्या मंदिरात चार लोकांत बोललेलं पिंपळगावला एस.टी.च्या आधी पोचतं.

"भाऊजी, आता पुढं काय करणार आहात?" प्रतिमानं विचारलं.

"उद्या पोलिसात जाईन. नाण्यापायी नाही. दोस्तानं फसवलं त्यापायी." हे म्हणताना त्याचे डोळे भरले आणि तो खिडकीकडे पाहत बसला. मला त्याचा राग येत होता आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवावासाही वाटत होता.

प्रतिमानं एक दिवस मागून घेतला आणि स्वयंपाकघरात गेली. मीही मागोमाग गेलो, वाटीतला शिरा संपवायच्या निमित्तानं.

रुखमावहिनी डब्याकडे पाहत बसल्या होत्या. "माह्या हातची पोळी त्यांनी परत केली असं वाटते मले. प्रतिमाताई, खरं सांगू? वामनभाऊजी असं करणार नाहीत. पण हे ऐकत नाहीत."

"त्या खोलीत सणात कोण कोण गेलं?"

"कोण जाते? नाण्याले हात लावलेला ह्यायले खपत नाही. मले विचारलं ह्यायनं, तू हात लावला का. म्या म्हटलं, नाही बा. मी फक्त लाईट आणला तिथून. महालक्ष्म्यायच्या मुखवट्यावर उजेड कमी पडे, तं तो पांढरा लाईट समोर लावला होता. काय देखण्या दिसल्या म्हणून सांगू. विसर्जन झालं, अन् मीच नेऊन पुन्हा टेबलाले लावून देला."

"आणि चांदी कोणी घासली? फार छान निघाली आहे."

"गार्गीनं. पहिला सण तिचा या घरातला. धवल पुण्याले परत गेला, तिले म्या आठ दिवस ठेवून घेतलं. लई कामाची पोरगी."

गार्गी ओट्याशी पाठ करून भांडी विसळत होती. धवलची नवी बायको, हिवरा आश्रम गावाकडची, अबोल मुलगी. कौतुक ऐकून सून वळून हसते, निदान पदर तरी सारखा करते. तिनं एकच वाटी पुन्हा विसळायला घेतली.

तिथून आम्ही डिंपलच्या स्टुडिओत गेलो. प्रतिमानं आडवळण न घेता विचारलं, "तू त्या रुपयाचा फोटो कोणाला दाखवलास का?"

डिंपल गोरीमोरी झाली. "स्टेटसले ठेवला होता काकू. किती भारी आलता फोटो. मंग अकोल्याच्या एका नाणेवाल्याचा फोन आला, विकाचा आहे का म्हणून. म्या नाही म्हटलं अन् फोटो काढून टाकला. काकाले नका सांगू, ते मले पुन्हा घरात घेणार नाहीत."

चला, आणखी एक संशयित, मी मनात म्हटलं. पण प्रतिमाचं लक्ष भलतीकडेच.

"दिवा कुठं लावून दिला होतास तू?"

"काका बसतात त्याच्या समोरच्या कडेले. पल्याड. म्हणजे फोटोत उजेड वरून पडते, सावली खाली येते. फोटोत उजेड नेहमी वरूनच पाहिजे, काकू. माणसाचा असो का नाण्याचा."

प्रतिमा दुकानाच्या पायरीवरच थांबली. मला म्हणाली, "अहो, तुमचं कोपर कशाला लागलं होतं?"

"दिव्याला. का?"

"काही नाही. पिंपळगावची गाडी कितीला आहे?"

४

दुसऱ्या दिवशी आम्ही पिंपळगावला पोचलो तेव्हा वामनराव अंगणात खाटेवर बसले होते. आम्हाला पाहून उठले, पाणी दिलं, चहा सांगितला. रमाकांतचं नाव मात्र काढलं नाही.

प्रतिमानंच काढलं.

"म्या रुपया मांगितला होता," वामनराव म्हणाले. "खोटं काऊन बोलू? पोरीच्या ओटीत माह्या मायचा रुपया असावा असं वाटलं मले. तो नाई म्हने, मी गप बसलो. त्याले देल्ला तेव्हाच तो त्याचा झाला. मंग आता चोरून काऊन नेईन?"

"त्या दिवशी खोलीत गेला होता तुम्ही."

"गेल्तो. पोट भरलं होतं, डोळा लागला. उठलो तं टेबलावर रुपया दिसला. जवळ जाऊन पाह्यलं. उचलला नाई, बोटही लावलं नाई, रमाकांतच्या नेमानं." ते थांबले. "काय चकाकून राह्यला होता तो. मले वाटलं, रमाकांतनंच साफ केला. बरं वाटलं मले. म्हटलं, इतक्या वर्षानं का होईना, अक्कल आली."

"आणि ठोका? नीट आठवून सांगा. खड्डा होता की उंचवटा?"

"ठोका म्हणजे खड्डाच असते न, बाई. खड्डा होता. लहानपनी मायच्या मांडीवर निजून मी त्या खड्ड्यात अंगठ्याचं नख घालून झोपी जाओ. तो म्या ओळखनार नाई का?"

मी मध्ये तोंड घातलं. "वामनराव, पण फोटोत तर टेंगूळ आहे."

"मंग फोटोले विचारा," ते म्हणाले आणि तोंड फिरवलं. थोड्या वेळानं माझ्याकडे न बघताच बोलले, "राजाभाऊ, त्यानं मले विचारलं असतं तं म्या सांगतलं असतं. त्यानं मंदिरात सांगतलं, गावाले सांगतलं. मले विचारलंच नाई."

त्यांचा आवाज फुटला नाही, पण खाटेची दोरी त्यांनी मुठीत घट्ट धरली होती. मला तिथं बसवेना.

परतीच्या गाडीत मी हिशेब मांडला. वामनराव खरं बोलत असतील, तर त्यांनी पाहिलं तेव्हा रुपया चकचकीत झालेला होता, पण खड्ड्याचा खड्डाच होता. म्हणजे नाणं बदललं ते त्यांच्यानंतर. आणि त्यांच्यानंतर त्या खोलीत घरच्याशिवाय कोणी गेलेलं नाही.

"प्रतिमा," मी हळूच म्हणालो, "चोर घरातला आहे."

"घरात चोर नाहीच," ती म्हणाली. "उद्या तुम्ही कालच्याच खुर्चीत बसायचं. रमाकांतभाऊजींच्या समोर. आणि जे दिसेल ते बोलायचं, कोणी हसलं तरी."

५

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे त्या खोलीत जमलो. रमाकांत, रुखमावहिनी आणि आम्ही दोघं. गार्गी दाराच्या चौकटीला टेकून उभी.

प्रतिमानं दोन्ही फोटो टेबलावर ठेवले. "भाऊजी, नव्या फोटोत काय?"

"टेंगूळ."

"अहो, तुम्हाला काय दिसतं?"

"खड्डा," मी म्हणालो, जरा घाबरतच. आज कोणी हसलं नाही.

"दोघंही बरोबर सांगताय. फरक एवढाच, की हे समोर बसलेत, त्यामुळे यांना फोटो उलटा दिसतो." असं म्हणून तिनं तो नवा फोटो रमाकांतच्या पुढ्यात फिरवून ठेवला, राणीचं डोकं खाली.

रमाकांत वाकला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मीही उठून त्याच्या बाजूला गेलो. आमच्या डोळ्यांदेखत त्या टेंगळाचा खड्डा झाला होता. तिनं फोटो सरळ केला, पुन्हा टेंगूळ. उलटा केला, खड्डा. शाळेतली पोरं जादूचा प्रयोग पाहतात तसे आम्ही पाहत होतो.

"सूर्य वर असतो, घरातला दिवाही वर असतो," प्रतिमा म्हणाली. "म्हणून डोळा धरूनच चालतो की उजेड वरून येतोय. खड्ड्यावर वरून उजेड पडला तर त्याची वरची कड काळी आणि खालची उजळ. टेंगळाचं उलट. तुमचा पहिला फोटो काढला तेव्हा दिवा पलीकडच्या कडेला होता, डिंपलनं लावला तसा. मग दिवा महालक्ष्म्यांपुढे गेला. परत आला तो खुर्चीच्या बाजूला. यांचं कोपर त्यालाच लागलं. उजेड आला खालून, आणि खड्ड्याचं टेंगूळ दिसायला लागलं. राणीचा चेहरा मात्र चेहऱ्यासारखाच दिसतो, कारण चेहरा कसा असतो हे डोळ्याला पाठ आहे. ठोका त्याला पाठ नाही."

"अगं बाई," रुखमावहिनी पुटपुटल्या. "म्या तं खुर्चीजवळ लावला, ह्यायले वाचाले बरं पडते म्हणून."

"तुमची काही चूक नाही. वाचायचा दिवा तिथंच लावतात."

रमाकांतनं एवढ्यात हार मानली नाही. कारकुनी जन्म त्याचा. "ठीक आहे. मंग ही चकाकी? अन् हे प्लास्टर?"

प्रतिमा माझ्याकडे वळली. "परवा शिऱ्याला कसला वास येत होता?"

"पुदिन्याचा," मी म्हणालो. "शिऱ्याला नाही, वाटीला. नक्षीच्या खाचेतून." आणि हे बोलता बोलताच माझ्या डोक्यात लख्ख उजाडलं. आमच्या घरीही चांदी दातांच्या पावडरीनंच घासतात. पांढरी असते, पुदिन्याच्या वासाची, आणि कितीही धुतली तरी खाचेत थोडी राहतेच.

प्रतिमानं दाराकडे पाहिलंसुद्धा नाही. ती वाट बघत होती.

"मी घासला," गार्गी म्हणाली.

ती आत आली. "आमच्याकडे महालक्ष्मीच्या ओटीत राणीछाप रुपया ठेवतात, बाबा. तुम्ही अकोल्याला गेला होता. चांदी घासायला काढली तेव्हा हा इथं काळा पडलेला दिसला. मला वाटलं, ओटीसाठीच काढून ठेवलाय. घासला, धुतला, पुसला. मग कळलं, या घरात तशी पद्धत नाही. म्हणून होता तिथं आणून ठेवला. नंतर तुम्ही फोनवर कोणाला तरी सांगत होता, नाणं घासणं म्हणजे पाप आहे. मी घाबरले."

"अन् वामनचं नाव घेतलं तरी गप्प राह्यली?" रमाकांतचा आवाज चढला.

"मी घासला तेव्हा त्याच्यावर खड्डाच होता, बाबा. बोटाला लागला होता. तुम्ही म्हणाला, उंचवटा आहे. मला वाटलं माझ्यानंतर खरंच कोणी बदलला. मी घासला म्हणून सांगितलं असतं तर तुम्हाला वाटलं असतं मीच…" पुढे तिला बोलता येईना. रुखमावहिनींनी उठून तिला जवळ घेतलं.

रमाकांतची मान लाल झाली होती. नाण्यावरचा जुना काळसर थर संग्राहकाला जीव की प्राण असतो, आणि तो दातांच्या पावडरीनं गेला होता. त्यानं हातमोजे चढवून रुपया कडेनं उचलला, आणि आता हा काय बोलतो म्हणून मी त्याच्या तोंडाकडे पाहत राहिलो.

"भाऊजी," प्रतिमा मऊ आवाजात म्हणाली, "हातमोजे काढा."

"काऊन?"

"वामनरावांनी खड्डा पाहिला. गार्गीच्या बोटाला खड्डा लागला. तुम्ही तेवढे फोटो बघत बसलात. एकदा बोट फिरवा."

त्यानं हातमोजे काढले, रुपया तळहातावर घेतला आणि डोळे मिटून अंगठा राणीच्या हनुवटीखाली नेला. अंगठा तिथंच थांबला.

"खड्डा आहे," तो म्हणाला.

त्याच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि ते त्या रुपयाच्या थरासाठी नव्हतं. डोळे पुसून म्हणाला, "गार्गी, चांगला घासला बेटा. एवढा स्वच्छ मले कधी जमला नसता." मग उठून उभा राहिला. "तो डबा कुठी आहे?"

६

रमाकांत, गार्गी आणि आम्ही दोघं पिंपळगावला गेलो. गार्गीनं येते म्हटलं आणि तिनंच डबा भरला. रमाकांत आधी मंदिरात गेला होता. त्या दिवशीच्या चार लोकांपैकी तिघं भेटले. त्यांना त्यानं उभ्यानंच सांगितलं, की चोर कोणी नाही, मूर्ख मी आहे. चौथा भेटला नाही, तर त्याच्या घरी जाऊन सांगितलं.

वामनराव अंगणातच होते. आज त्यांनी पाणी दिलं नाही. उठलेही नाहीत.

रमाकांत चाचपडत खाटेजवळ गेला. "वामन, मी तुले विचाराले पाहिजे होतं."

"हाव," वामनराव म्हणाले. "पाहिजे होतं."

"नाही विचारलं. फोटोले विचारलं."

रमाकांतनं खिशातून रुपया काढला, हातमोज्यांशिवाय, आणि त्यांचा हात शोधून त्यात ठेवला. "पोरीच्या ओटीत घाल. एक दिवसासाठी नाही. तिचाच आहे तो. माह्याकडे फोटो आहे."

वामनरावांनी रुपया पाहिला. उन्हात तो झळाळत होता. त्यांचा अंगठा आपोआप राणीच्या हनुवटीखाली गेला आणि नख खड्ड्यात बसलं.

"कोनं घासला हा?" त्यांनी विचारलं.

गार्गी पुढे झाली. "मी, काका. चुकून."

"चुकून?" त्यांनी मान वर केली. डोळे डबडबलेले होते. "माही माय दर महालक्ष्म्यायले असाच घासे, पोरी. असाच चमके तिच्या गळ्यात. ह्या रमाकांतनं काळा करून ठेवला होता इतके वर्सं. मी विसरूनच गेल्तो कसा दिसे ते." मग रमाकांतच्या उघड्या हातांकडे पाहत म्हणाले, "तुहे ते पांढरे मोजे कुठी गेले बे?"

"घरी ठेवले," रमाकांत म्हणाला. "आता बोटानंच पाहावं लागणार आहे सगळं."

वामनराव खाटेवर थोडे सरकले. रमाकांत त्या रिकाम्या जागेत बसला. प्रतिमानं माझ्या दंडाला धरून मला गोठ्याकडे नेलं, कारण मी तिथंच उभा राहून नाक ओढत होतो.

निघताना वामनरावांच्या सुनेनं आमचा डबा आणून दिला. आता रविवारी येणार का, हे विचारायची रमाकांतला हिंमत झाली नाही, आणि वामनरावांनीही काही सांगितलं नाही. गाडीत जागा नव्हती म्हणून डबा माझ्या मांडीवर आला. झाकण वर उचललं गेलं होतं, भुईमुगाच्या ओल्या शेंगा इतक्या दाबून भरल्या होत्या. खामगावपर्यंत माझी मांडी अवघडली, तरी मी तो खाली ठेवला नाही.